२५५ अक्षरे

"लिनक्सवर फाईलचे नाव जास्तीत जास्त २५५ अक्षरांचे असू शकते," असे एक वाक्य आमच्या विभागात वर्षानुवर्षे नांदत होते. संगणकाशेजारी दोऱ्याने बांधून ठेवलेल्या एका छापील मार्गदर्शिकेत ते होते आणि आम्ही सगळ्यांनी ते कधी ना कधी वाचलेले होते. वाक्य सरळ, आटोपशीर, व्याकरणदृष्ट्या निर्दोष. मराठीच्या अध्यापकाने लाल शाई उचलावी असे त्यात काहीच नव्हते. या वाक्यावर विसंबून आम्ही अकरा ध्वनिमुद्रणे गमावली, तेव्हा कुठे ते पुन्हा नीट वाचावे असे मला वाटले. प्रस्तुत लेख त्या वाक्याविषयी आहे. साहित्याच्या पानावर संगणकाच्या मर्यादांची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांना एवढेच सांगते की त्या वाक्यातला चुकीचा शब्द संगणकाचा नाही, आपल्याच शास्त्रातला आहे.

आधी घडले ते सांगते. २०२३ च्या जानेवारीत एम. ए. च्या विद्यार्थ्यांनी प्रवरेकाठच्या गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. बेलापूर हे त्या कामाचे ठाणे. जाती आता परसात नाहीतर पडवीच्या कोपऱ्यात पडलेली असतात. ओव्या मात्र सत्तरी ओलांडलेल्या बायकांच्या तोंडी अजून आहेत. नुसते बसून म्हणायला लावले तर त्या अडखळतात, आणि रिकाम्या हवेतच खुंटा धरल्यासारखा हात फिरू लागला की पुढची ओवी आपोआप येते, असे एका विद्यार्थ्याने आपल्या टिपणात लिहिले होते. त्याला मी त्या एका वाक्यासाठी चांगले गुण दिले.

ध्वनिमुद्रण मोबाइलवर व्हायचे, मग फायली एका लॅपटॉपवर जमा व्हायच्या. फायलींना नावे कशी द्यायची याचा नियम मी घालून दिला. ओवीला शीर्षक नसते; तिचा पहिला चरण हीच तिची ओळख. म्हणून आधी पहिला चरण, मग सांगणाऱ्या बाईंचे नाव, मग गाव, तालुका, जिल्हा, आणि शेवटी देवनागरी अंकांत तारीख. पूर्ण, सुवाच्य, मराठी नाव. 'रेकॉर्डिंग ००१७' असल्या नावांचा मला मनस्वी कंटाळा. नावे फार लांबतील अशी शंका एका विद्यार्थिनीने काढलीही होती. "मॅडम, एवढे मोठे नाव चालेल का?" मी ती दोऱ्याने बांधलेली मार्गदर्शिका उघडून तिला ते वाक्य दाखवले. २५५ अक्षरे! आमचे सर्वांत लांब नाव त्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हते. ती गप्प बसली. ती गप्प बसली याचे मला त्या वेळी समाधान वाटले होते, हे आज आठवले की वाईट वाटते.

लॅपटॉपवर विंडोज होती. तिथे सगळी नावे बिनतक्रार बसली. मग पेनड्राइव्हने सर्व संग्रह विभागातल्या लिनक्सच्या संगणकावर उतरवला. पडद्यावर शेकडो ओळी भराभर वर सरकत गेल्या. मधूनमधून त्यांत 'फाईलचे नाव फार लांब आहे' अशा अर्थाची इंग्रजी ओळ येऊन जात होती. ती कुणी वाचली नाही. लॅपटॉप दुसऱ्या कामाला हवा होता, तो पुसला गेला. मोबाइल तर त्याआधीच मोकळे करून झाले होते. दोन महिन्यांनी वहीतली यादी आणि संगणकावरची यादी ताडून पाहिली तेव्हा अकरा नावे वहीत होती आणि संगणकावर नव्हती. दोष कुणाचा याची चर्चा नको. प्रत मूळाशी ताडून पाहण्याआधीच मूळ नष्ट केले, आणि हे वर्गात पाठचिकित्सा शिकवणाऱ्या बाईने केले. यात आणखी काय बोलायचे?

परंतु त्या वाक्याचा दोष त्याने कमी होत नाही.

मराठीच्या वर्गात अक्षर म्हणजे काय हे आपण पहिल्याच सत्रात शिकवतो. वर्ण वेगळा, अक्षर वेगळे. 'ज्ञानेश्वरी' या शब्दात अक्षरे ४: ज्ञा, ने, श्व, री. वर्ण मोजले तर १०: ज्, ञ्, आ, न्, ए, श्, व्, अ, र्, ई. युनिकोड या दोन्ही मोजण्या मानत नाही. तो ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र, वेलांटी अशी ११ चिन्हे मोजतो. आणि ही चिन्हे तबकडीवर प्रत्यक्ष साठवली जातात तेव्हा, यूटीएफ-८ या आज सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत, प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे ३३. एकाच शब्दाची लांबी ४, १०, ११ आणि ३३, ज्याला जशी मोजायची तशी. लिनक्स मोजते ती शेवटची. तिची मर्यादा २५५ बाइटांची आहे. अक्षरांची ती कधीच नव्हती. ३ ने भागले की उरतात ८५ चिन्हे. तीही चिन्हेच, अक्षरे नव्हेत. जोडाक्षरे जितकी जास्त तितकी अक्षरे कमी. 'क्षेत्र' या दोन अक्षरांना ७ चिन्हे आणि २१ बाइट लागतात.

हाच शब्द रोमन लिपीत लिहिला तर १२ अक्षरे, १२ चिन्हे, १२ बाइट. तिथे सगळ्या मोजण्या एकमेकींवर तंतोतंत बसतात, त्यामुळे इंग्रजीत लिहिणाऱ्याला त्या वेगळ्या आहेत हे कळण्याचे कारणच पडत नाही. तो २५५ अक्षरे टंकून पाहतो, नाव बसते, वाक्य खरे ठरते. वाक्य खोटे ठरते ते आपल्या लिपीत, आणि ते खोटे आहे हे ज्याला दिसू शकते असा वाचकही तिथेच असतो.

आमच्या जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. अक्षरे मोजली तर नवे नाव एका अक्षराने आखूड झाले: आधी ७ होती, आता ६. बाइट मोजले तर आधी २१ होते, आता ३०. आमच्या नियमाप्रमाणे प्रत्येक फाईलच्या नावात जिल्हा असायचा. म्हणजे आज तेच संकलन पुन्हा केले असते तर ज्या फायली त्या वेळी काठावर वाचल्या त्यांतल्या काही बुडाल्या असत्या. देवनागरी अंकांचा माझा आग्रहही असाच महागात पडला. रोमन अंकाला १ बाइट लागतो, आपल्या अंकाला ३. तारखेच्या ८ अंकांपायी १६ बाइट मी निव्वळ अभिमानाने खर्च केले.

मग विंडोजवर नावे कशी बसली? तिथलीही मर्यादा २५५ च आहे, पण मापे निराळे. तिथे एनटीएफएस या रचनेत १६ बिटांचे एकक मोजले जाते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह अशा एका एककात मावते. आकडा एक, माप दोन. आपल्याकडे पायली हे माप गावागावाला वेगळे असे आणि धान्य घेणारा आधी पायली कोणती ते विचारी. छंदःशास्त्राच्या अभ्यासकाला तर हे सांगायला नकोच. माधव जूलियनांनी छंद, जाती आणि वृत्त असे पद्यरचनेचे वर्ग केले ते नेमके याच प्रश्नावर: इथे मोजायची ती अक्षरे, मात्रा की लघुगुरूंचा क्रम? अभंगाचे ६-६-६-४ हे गणित अक्षरांचे आहे हे न सांगता कुणी नुसते 'बावीस' म्हणाले तर आपण त्याला परीक्षेत नापास करू. मार्गदर्शिकेतल्या '२५५ अक्षरे' या वाक्याला मात्र आम्ही पास केले, कारण ते 'टेक्निकल' होते.

हे वाक्य मुळात चुकले कसे, याचा माग काढू लागले तेव्हा ती गोष्ट फार ओळखीची वाटली. हस्तलिखितांच्या वंशावळीत एखादा अपपाठ जसा उतरत जातो, तशीच ती आहे.

युनिक्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत फाईलच्या नावाला १४ बाइट मिळत. निर्देशिकेतली प्रत्येक नोंद १६ बाइटांची, त्यातले २ फाईलच्या क्रमांकाला, उरलेले १४ नावाला. १९८३ च्या बर्कली युनिक्समध्ये ही मर्यादा २५५ वर गेली. लिनक्सच्या नेहमीच्या रचनांतही तोच आकडा आहे, कारण नावाची लांबी लिहायला तिथे एक बाइट राखून ठेवलेला असतो आणि एका बाइटात लिहिता येणारा सर्वांत मोठा आकडा २५५. त्या काळी संगणकावर नाव म्हणजे इंग्रजी नाव, आणि एक अक्षर म्हणजे एक बाइट. सी या भाषेत तर एका बाइटाच्या मूल्याला 'कॅरॅक्टर' हेच नाव आहे. लिनक्सच्या मूळ संहितेत मर्यादांची यादी देणारी एक छोटीशी फाईल आहे. तिच्यात २५५ या आकड्यापुढे शेरा आहे तो 'फाईलच्या नावातील कॅरॅक्टरांची संख्या' असाच. लिहिणारा चुकला नव्हता. त्याच्या बोलीत तो शब्द बाइट याच अर्थाने चालतो. युनिक्सचे जे लिखित मानक आहे, त्यात तर या मर्यादेच्या व्याख्येत 'बाइट' हाच शब्द आहे.

मग तो शेरा वाचणाऱ्यांनी इंग्रजी मार्गदर्शिकांत 'कॅरॅक्टर' हा शब्द सामान्य अर्थाने उतरवला. त्या मार्गदर्शिकेचे मराठी करणाऱ्याने प्रामाणिकपणे 'अक्षर' लिहिले. तिन्ही पायऱ्यांवर प्रत्येकाने आपले काम चोख केले आणि शेवटच्या पायरीवर वाक्य खोटे झाले. लेखनिकाच्या झोपेने झालेली चूक सापडते. लेखनिकाच्या प्रामाणिकपणाने झालेली चूक शतकानुशतके टिकते.

मजा अशी की आपल्याकडेही काही काळ हे वाक्य जवळजवळ खरे होते. १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून ठरलेल्या इस्की या पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला एकच बाइट लागे. युनिकोडची भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली आहे, पण साठवण वेगळी झाली. १९९२ मध्ये केन टॉम्प्सन यांनी रॉब पाईक यांच्यासमवेत न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात बसून ताटाखालच्या कागदावर यूटीएफ-८ ची रचना मांडली. इंग्रजी मजकुराचा एकही बाइट बदलू नये ही तिची मोठी सोय होती. ती सोय त्यांना मिळाली. आपल्या वाट्याला ३ बाइट आले. यात कुणी कट केला असे मला मुळीच म्हणायचे नाही. ती पद्धत नसती तर आज मी हा लेख अशा सहजपणे लिहू शकले नसते. पण पद्धत बदलल्यावर तिच्यावर अवलंबून असलेली वाक्ये बदलायची असतात, आणि ती बदलायला कुणी बसत नाही.

कुणी बसत नाही याचा याहून धडधडीत दाखला लिनक्सच्या स्वतःच्या दस्तऐवजांत आहे. फायलींच्या मर्यादांविषयीच त्यांचे एक प्रकरण आहे: एका वेळी एकूण किती फायली उघड्या ठेवता येतील, ही मर्यादा वाढवायची असेल तर कोणत्या ठिकाणी कोणता आकडा लिहायचा, वगैरे. त्यात 'आयनोड' या नोंदींच्या कमाल संख्येची एक कळ वर्णिलेली होती. आयनोड म्हणजे फाईलचा सातबारा समजा: मालक कोण, आकार किती, शेवटचा फेरफार कधी झाला, मजकूर तबकडीवर कुठे आहे. नाव तेवढे त्यात नसते. ते निर्देशिकेत असते. तर ही कमाल संख्येची कळ १९९९ मध्ये, २.३ मालिकेच्या घडणीतच काढून टाकण्यात आली. दस्तऐवजातून तिचा उल्लेख निघाला तो २०२२ मध्ये. मधल्या काळात २.४ आली, २.६ आली, ३, ४ आणि ५ या मालिका आल्या. जगातल्या बहुसंख्य सर्व्हरांवर आणि नंतर कोट्यवधी मोबाइलांत हीच प्रणाली जाऊन बसली. आणि तिचा अधिकृत दस्तऐवज नसलेल्या कळीविषयी शांतपणे बोलत राहिला. त्या प्रकरणाच्या माथ्यावर हा मजकूर २.२ आवृत्तीसाठी वैध असल्याचा शेरा होता, तोही तसाच होता. एका अर्थी तो दस्तऐवज खोटे बोलत नव्हता. आपण किती जुने आहोत हे तो वरच सांगत होता. शीर्षटीप कोण वाचतो?

दोन दशकांहून अधिक काळ ते वाक्य टिकले, कारण त्याने कुणाचे प्राण जात नव्हते. ज्याला ती कळ सापडली नाही त्याने मनाशी 'माझेच काही चुकले असेल' असे म्हटले, दुसरा उपाय शोधला आणि तो पुढे गेला. अशी हजारो माणसे त्या ओळीवरून गेली असतील. ज्ञानी होती, घाईत होती. शेवटी एकाने थांबून ती ओळ काढली आणि का काढली ते एका वाक्यात लिहून ठेवले.

हे 'का काढली ते लिहून ठेवणे' मला फार महत्त्वाचे वाटते. लिनक्सच्या जगात दुरुस्ती पाठवायची रीत अशी आहे: जुनी ओळ वजाबाकीच्या खुणेने, नवी ओळ बेरजेच्या खुणेने, वर कारण, खाली दुरुस्ती करणाऱ्याचे नाव. दुरुस्ती स्वीकारली गेली तरी जुनी ओळ इतिहासात राहते. कुणीही कधीही मागे जाऊन पाहू शकतो. चिकित्सक आवृत्तीतल्या तळटिपांचीच ही रीत झाली. आमच्या बेलापूरपासून खाली प्रवरेच्याच काठी नेवासे आहे, जिथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्यानंतर तीनशे वर्षांत प्रतींवर प्रती होत गेल्या आणि पाठ बिघडले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणला एकनाथांनी ते शुद्ध केले आणि पुढच्यांनी आपल्या पदरची ओवी त्यात घालू नये असेही बजावून ठेवले. केवढे मोठे काम! वारकऱ्यांच्या नित्यपाठात ते आजही जिवंत आहे. पण कोणता पाठ काढला, कोणता ठेवला आणि का, याची यादी नाथांनी मागे ठेवली नाही. म्हणून १९०९ मध्ये वि. का. राजवाड्यांनी एकनाथपूर्व मानलेली प्रत छापली, आणि तिच्या अस्सलपणाविषयी अभ्यासक पुढे भांडत राहिले. वजा-अधिकच्या खुणांचा एक कागद नाथांच्या वाड्यात सापडता तर आपल्या कित्येक प्रबंधांचा विषयच संपला असता! (विनोद बाजूला; अशी यादी ठेवण्याची कल्पनाच त्या काळाची नव्हती, हे मला मान्य आहे.)

आमच्या एका सहकाऱ्यांना हे सगळे ऐकवले. ते म्हणाले, "बाई, हे काम संगणकवाल्यांचे. आपण कविता शिकवावी." दुसरे म्हणाले, "नावे इंग्रजीत द्या ना, प्रश्नच मिटला."

दुसऱ्यांचे म्हणणे मी व्यवहारात स्वीकारले आहे. आता आमच्या फायलींना नुसते क्रमांक असतात आणि चरण, नाव, गाव हे सारे एका वेगळ्या नोंदवहीत. ग्रंथपाल हेच पूर्वीपासून करत आले आहेत; पुस्तकाच्या पाठीवर दाखल क्रमांक असतो, सबंध शीर्षक नसते. पण हा उपाय करून मी माझ्यापुरती सुटले. दोऱ्याला बांधलेले ते वाक्य तिथेच राहिले आणि पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला ते तसेच भेटणार. त्या कळीपाशी अडून पुढे गेलेल्या हजारो माणसांत माझीही भर पडली, एवढाच त्याचा अर्थ.

पहिल्या सहकाऱ्यांशी मात्र माझे मुळातच जमत नाही. हे काम संगणकवाल्यांचे असते तर त्यांनी ते केले असते. त्यांना ते दिसत नाही, कारण त्यांच्या कामाची भाषा इंग्रजी असते. आपल्यातले उत्तम मराठी बोलणारे अभियंतेसुद्धा फाईलला मराठी नाव देत नाहीत. दुरुस्तीला दोन गोष्टी लागतात: मर्यादा बाइटांत आहे हे ठाऊक असणे आणि 'अक्षर' या शब्दाचा अर्थ ठाऊक असणे. पहिली गोष्ट मी एका दुपारी शिकले. दुसरीला एम. ए. लागते. सिनॉलॉजी या साठवण-उपकरणे बनवणाऱ्या कंपनीने आपल्या सांकेतिक कुलूप असलेल्या फोल्डरांविषयी लिहिताना इंग्रजीची १४३ अक्षरे किंवा चिनी-जपानी-कोरियनची ४७, अशी दोन्ही मापे दिली होती. वाक्य कसे लिहावे याचा तो चांगला नमुना आहे. देवनागरीचा उल्लेख त्यातही नाही. हे हिशेबाचे वाक्य आपल्या लिपीसाठी लिहायला कुणी बाहेरून येणार आहे का?

शिवाय, कालबाह्य नियम किती काळ चालू राहतो हे मराठीच्या शिक्षकाइतके कुणाला ठाऊक असेल? अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी गेले. ते दिले नाहीत म्हणून त्यानंतरही कितीतरी वर्षे गुण कापणारे गुरुजी माझ्या वडिलांच्या पिढीने पाहिले आहेत. त्यांच्या कपाटातले पुस्तक जुने होते. आणि आमच्या तालुक्याचे ठिकाण श्रीरामपूर. पण तिथल्या रेल्वे स्थानकाला वर्षानुवर्षे नाव बेलापूर. वेळापत्रकावर विश्वासून उतरलेला पाहुणा बेलापूर गाव शोधत फिरतो आणि कुणीतरी त्याला सांगते की ते इथून पुढे काही मैलांवर आहे. स्थानिकांना ते इतके अंगवळणी पडले आहे की ही चूक आहे असे कुणाला वाटतच नाही. पाहुण्याला वाटते. नव्या मुंबईतले बेलापूर हा आणखी निराळा गोंधळ. त्याविषयी पुन्हा कधी.

तर आम्ही काय केले? त्याच विद्यार्थिनीला, जिला मी ते वाक्य दाखवून गप्प केले होते, मी दुरुस्ती लिहायला बसवले. तिने पहिला मसुदा लिहिला तो असा: 'अक्षरे' काढून 'बाइट'. मी म्हटले, हे खरे आहे, पण वाचणाऱ्याला उपयोगी नाही. बाइट म्हणजे किती हे त्याला कोण सांगणार? तिने दुसरा लिहिला: देवनागरीत ८५ अक्षरे. मी म्हटले, हे उपयोगी आहे, पण खरे नाही. हलन्त आणि काना-मात्रा कुठे गेल्या? या दोन वाक्यांवर आमचा सबंध तास गेला आणि त्या तासाला वर्णविचार जितका मन लावून शिकला गेला तितका एरवी जात नाही. शेवटी ठरलेले वाक्य असे: 'फाईलच्या नावाची मर्यादा २५५ बाइट आहे. रोमन अक्षराला १ बाइट लागतो. देवनागरीत प्रत्येक व्यंजन, स्वर, स्वरचिन्ह, हलन्त आणि अंक यांना प्रत्येकी ३ बाइट लागतात, म्हणून निव्वळ देवनागरी नावात अशी ८५ चिन्हेच मावतात. जोडाक्षरे असल्यास अक्षरे त्याहून पुष्कळ कमी.' वाक्य लांब झाले. जुने वाक्य सुंदर होते, हे मी कबूल करते.

ही दुरुस्ती कारणासह लिहून आम्ही त्या मार्गदर्शिकेच्या संपादकांकडे पाठवली. उत्तर सविनय आले: पुढील आवृत्तीत विचार करू. पुढील आवृत्ती कधी, ते कळवलेले नाही. तोवर आमच्या प्रतीत, त्या पानावर, जुन्या ओळीवर एक रेघ आहे, ती वाचता येईल इतकी बारीक, आणि समासात नवे वाक्य, तारीख आणि त्या विद्यार्थिनीचे नाव.

अकरांपैकी एक ध्वनिमुद्रण नंतर सापडले. एका विद्यार्थ्याने ते घरी आईला ऐकवायला म्हणून पाठवले होते. आईच्या मोबाइलवर ते राहिले होते. उरलेल्या दहांपैकी चार ओव्या सांगणाऱ्या आजी २०२४ च्या पावसाळ्यात गेल्या. त्यांच्या गावी आम्ही दोनदा जाऊन आलो. सुनेला त्या ओव्या येत नाहीत. नावे द्यायचा माझा नियम असा होता की फाईलच्या नावात ओवीचा पहिला चरण असे, आणि ती नावे वहीत उतरवलेली आहेत. त्यामुळे त्या चार ओव्यांचे पहिले चरण आमच्याकडे आहेत.